पास झालो असं मी तिला कळवलं होतं

बीजगणित मला शिकवलं ते बारावीतल्या एका मुलीने. हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात माझाच गोंधळ जास्त आहे आणि त्या गोंधळात ती मागे पडेल अशी भीती वाटते. आणखीही लोकांनी मदत केली. फॅक्टरीतल्या सुपरवायझरने परीक्षेसाठी रजा दिली. गावच्या शाळेतल्या क्लार्कने तेवीस वर्षांपूर्वीच्या रजिस्टरातून माझा शाळा सोडल्याचा दाखला शोधून दिला. पण वर्षभर दर शनिवारी माझ्यासमोर बसून, आधी कंस सोडवायचा, मग बाकीचं, हे न वैतागता सांगत राहिली ती तीच. तिचं नाव लिहीत नाही. तिच्या नावाला माझ्यामुळे एकदा लागायचं ते लागलं आहे.

मी सांगली जिल्ह्यातला. आठवीची परीक्षा दिली आणि निकाल आणायला गेलोच नाही. वडील पडून होते, मामाचा मंडपाचा धंदा होता, त्याने मला सोबत घेतलं. लग्नात फेटे बांधायला मी त्याच्याकडेच शिकलो. पुढे कामाच्या मागे बेंगळुरूला आलो, त्याला अकरा वर्षं झाली. बोम्मसंद्र्यात एका प्लास्टिकच्या फॅक्टरीत पॅकिंगला आहे. रविवारी फेटे. इथली जुनी मराठी घरं तीन-चारशे वर्षांपासून इथेच आहेत, त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड असतं, पण कार्यात फेटा हातानेच बांधलेला लागतो. कुणी दुकानातला तयार मैसुरी पेटा डोक्यावर ठेवून आला की म्हातारी माणसं तोंड फिरवतात. त्यांच्या मंडळाच्या सभागृहात मी इतक्यांदा गेलो आहे की तिथला वॉचमन मला बघून न विचारता मागच्या खोलीतला फॅन लावतो.

त्याच खोलीत ती भेटली. गेल्या वर्षी उन्हाळ्यात तिच्या चुलत भावाचं लग्न होतं. फेटे बांधून झाले होते, जेवणाला वेळ होता, म्हणून मी खुर्चीवर दहावीचं गणिताचं पुस्तक उघडून बसलो होतो. फॅक्टरीत स्टोअरची जागा निघणार होती, तिला दहावी पास लागत होतं, आणि मी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायचं ठरवलं होतं. ठरवलं होतं एवढंच. पुस्तकाच्या दहाव्या पानापुढे गेलो नव्हतो.

"अण्णा, हे तुमच्या मुलाचं?" दारातून आवाज आला.

"नाही, माझंच."

मला वाटलं आता हसेल आणि आत जाऊन बहिणींना सांगेल. तिने शेजारची खुर्ची ओढली, पुस्तक स्वतःकडे फिरवलं आणि बोटाने ओळ दाखवत म्हणाली, "हे क्वाड्रॅटिक इक्वेशन ना? मराठीत काय म्हणतात?"

"वर्गसमीकरण."

"अय्यो, किती छान! परत म्हणा."

मी परत म्हणालो. तिने मला ते पाच मिनिटांत सोडवून दाखवलं, आणि मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही हे तिच्या लगेच लक्षात आलं. शनिवारी या, म्हणाली. सभागृहाच्या वर मंडळाची वाचनालयाची खोली आहे, तिथे.

आमची शिकवणी अशी चालायची. ती कन्नड आणि इंग्रजीत शिकलेली, देवनागरी अडखळत वाचायची. म्हणून उदाहरण मी मोठ्याने वाचायचो आणि ती डोळे मिटून ऐकायची. मला शब्द सगळे यायचे, गणित यायचं नाही. तिला गणित यायचं पण 'छेद' म्हणजे काय, 'पद' म्हणजे काय, हे मला विचारावं लागायचं. मी सांगितलं की "आं, कळलं" म्हणून डोळे उघडायची आणि मग मला शिकवायची. मी तिला बाई म्हणायचो.

"बाई म्हणू नका ना अण्णा, म्हातारी वाटते."

"शिकवणारीला बाईच म्हणतात आमच्याकडे."

"मग बाई विचारतात, मागच्या शनिवारचं होमवर्क कुठे?"

तिचे वडील बँकेत आहेत. तिला न्यायला यायचे आणि खाली स्कूटर बंद न करता उभे राहायचे. माणूस वाईट नाही. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "हिची दुसरी पीयूसी चालली आहे. बारावी हो, तुमच्याकडची. तुम्ही काय, पुढच्या वर्षीही बसाल. हिचं वर्ष परत येणार आहे का?" ती मागून आली आणि म्हणाली, "अप्पा, अण्णा पास झाले ना, तुम्हीच पेढे मागाल. बघा तुम्ही." जानेवारीत तिने माझ्यासाठी क्लासची एक सराव परीक्षा बुडवली. ते मला फार नंतर कळलं. आधी कळलं असतं तर मी गेलो नसतो.

मार्चमध्ये तालुक्याच्या गावी जाऊन परीक्षा दिली. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरलो तर सगळी पोरं उठून उभी राहिली. मला सर समजले. मी बाकावर बसलो तेव्हा शेजारचा पोरगा म्हणाला, "काका, तुम्ही बी व्हय?" मराठीचा पेपर बरा गेला. मग गणिताचा पेपर. उदाहरण वाचलं, शब्द सगळे कळले, आणि डोळे मिटून ऐकणारं समोर कुणी नव्हतं.

निकाल मेमध्ये दुपारी लागला. जेवणाची सुट्टी होती. कॅन्टीनच्या मागे उभा राहून मी मोबाइलवर नंबर टाकला. सगळे विषय सुटले होते. गणितात एकवीस. खाली नापास.

तेवढ्यात तिचा मेसेज आला. "अण्णा??? रिझल्ट???" तिचा स्वतःचा निकाल आधीच लागला होता, कॉलेजात पहिली आली होती. मी काही लिहिणार तोवर दुसरा मेसेज आला. "अप्पा पण विचारतायत."

त्या तीन शब्दांनी मला काय झालं ते आजही नीट सांगता येत नाही. डोळ्यांसमोर खाली उभी ती स्कूटर आली. मी "पास" असं लिहिलं आणि पाठवलं. दोन अक्षरं. पाठवलं ते पाठवलं.

शनिवारी धारवाडी पेढे घेऊन मी तिच्या घरी गेलो. न जाणं बरं दिसलं नसतं. तिच्या वडिलांनी एक पेढा तोंडात टाकला, आणि माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "तप्पायितु. माझं चुकलं. मी तुम्हाला ओळखलं नाही." तेव्हाच सांगायला हवं होतं. मी मान हलवली. मनाशी म्हणालो, पुरवणी परीक्षा असते, गुपचूप देऊ, सुटू, मग कुणाला कळायचं काय राहिलं? आणि घाबरटपणा असा की त्या पुरवणीचा फॉर्मसुद्धा मी भरला नाही. फॉर्म उघडला की तो एकवीस दिसायचा.

जूनच्या पहिल्या रविवारी मंडळात गुणवंतांचा सत्कार असतो. दहावी-बारावीच्या मुलांना बोलावतात. मार्कांची बक्षिसं वेगळी, आणि एक सेवा पुरस्कार, ज्या मुलाने अभ्यास सांभाळून दुसऱ्या कुणासाठी काही केलं त्याला. दोन गोष्टी तिथे ठरलेल्या आहेत. प्रत्येकाच्या डोक्याला हाताने बांधलेला फेटा, आणि प्रत्येकाने माइकवर मराठीत दोन वाक्यं बोलायची, कशीही येवोत. बेंगळुरूत वाढलेल्या मुलांना त्या दोन वाक्यांचा परीक्षेपेक्षा जास्त घाम फुटतो. मला अठरा फेट्यांसाठी बोलावलं होतं. ती मार्कांसाठी असणार हे ठाऊक होतं. सेवेचं मला कुणी बोललं नव्हतं.

सहा फेटे झाले असतील. सूत्रसंचालन करणारा मुलगा हातात कार्डं घेऊन मागच्या खोलीत आला. पुण्याचा, बेळ्ळंदूरला कुठल्याशा कंपनीत आहे.

"काका, एक हेल्प करा ना. मी वाचतो, कुठे फम्बल झालं तर सांगा. इथली आडनावं माझी वाट लावतात."

मी एका पोराच्या डोक्याला घडी घालत होतो. वाचा म्हणालो. त्याने दोन-तीन कार्डं वाचली. मग तिचं आलं. पूर्ण नाव, कॉलेज, टक्के. आणि मग, "'यंदाचा सेवा पुरस्कारही हिलाच. स्वतःची बारावी सांभाळून हिने बोम्मसंद्र्यातल्या एका कामगाराला वर्षभर गणित शिकवलं, आणि तो कामगार यंदा दहावी पास झाला.' काका, पास म्हणू की उत्तीर्ण? उत्तीर्ण जरा भारी वाटतं ना?"

माझे हात जिथे होते तिथे थांबले.

"अंकल, टाइट होतंय," खुर्चीवरचा पोरगा म्हणाला.

मी कापड सैल केलं. "हे कुणी सांगितलं मंडळाला?"

"तिच्या फादरनीच लेटर दिलं म्हणे कमिटीला. सही करून. मला तर वाचताना अंगावर काटा आला. बोला ना, उत्तीर्ण?"

"काहीही म्हणा," मी म्हणालो.

तिच्या वडिलांनी. सहीनिशी. तो मुलगा कार्डं पालटत निघून गेला आणि मी पुढचे चार फेटे कसे बांधले ते मला आठवत नाही. एकाचा तुरा उजवीकडे आला होता, त्याच्या आईने येऊन दाखवला तेव्हा दिसला.

मग ती येऊन खुर्चीवर बसली. मोरपंखी साडी, केसांचा मागे अंबाडा, हातात दोन वाक्यांची चिठ्ठी.

"अण्णा, माझा सगळ्यांत मस्त बांधा हं. आणि ऐकलं का, सेवाचं पण मलाच. सरप्राइज ठेवायचं होतं तुमच्यासाठी."

फेटा बांधताना कापडाचं एक टोक बांधून घेणाऱ्याने ओढून धरायचं असतं आणि मान हलवायची नसते. तिने टोक धरलं. मी पहिला वेढा घेतला, दुसरा घेतला. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, माझा तिला दिसत नव्हता. दिसला असता तर बोलू शकलो नसतो.

"बाई, मी पास नाही झालो."

"जोक नको अण्णा, हसले तर हलेल."

"गणितात राहिलो. खोटं सांगितलं तुम्हाला."

ती हसली नाही. टोक तिच्या मुठीत तसंच ताणलेलं होतं. अर्धवट फेटा सोडला तर सगळा उलगडून खांद्यावर येतो, म्हणून मी वेढे घेत राहिलो, आणि ती धरून राहिली. बाहेर टाळ्या वाजत होत्या.

"तुम्ही अप्पांना पेढे खायला घातले," ती म्हणाली.

"हो."

"किती पडले?"

"एकवीस."

"कुठे गेले मार्क? वर्गसमीकरण?"

"ते आलं. बाकी काही सुचलं नाही."

तिने नाक ओढलं. मी म्हणालो, "मी आत्ता जाऊन कमिटीला सांगतो."

"तुम्ही कुणाला काही सांगायचं नाही. आधी बांधा."

मी तुरा काढला, मागे पाठीवर शेमला सोडला. ती उठली आणि माझ्याकडे न बघता गेली. चिठ्ठी खुर्चीवर राहिली होती.

मी सभागृहाच्या दाराशी जाऊन उभा राहिलो, उरलेली कापडं खांद्यावर. पुणेकर मुलाने ते कार्ड मोठ्या झोकात वाचलं. उत्तीर्ण म्हणाला. टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेत तिचे वडील ताठ बसले होते, मोबाइल वर धरून. अध्यक्ष शाल उलगडून पुढे झाले, आणि तिने त्यांना हाताने थांबवलं.

"मला आधी दोन वाक्यं बोलायची आहेत," ती माइकवर म्हणाली. "पहिलं वाक्य. आत्ता वाचलं ते खरं नाही, माझे विद्यार्थी पास नाही झाले, त्यांचं गणित राहिलं आहे. दुसरं वाक्य. मार्कशीट न बघता मी अप्पांना सांगितलं, म्हणून तप्पु माझं आहे, अप्पांचं नाही."

सभागृहात कुणीतरी "अय्यो" म्हणालं. मला वाटत होतं ती माझ्याकडे बोट दाखवील, निदान नाव घेईल. मी त्याची तयारी करून उभा होतो. तिने सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं आणि ते इतकं सरळ घेतलं की मला क्षणभर कळलंच नाही तिने काय केलं ते.

"तिची चूक नाही," मी दारातूनच ओरडलो. "मीच तिला पास झालो म्हणून सांगितलं. तो कामगार मी आहे."

सगळी डोकी वळली. पहिल्या रांगेतली एक आजी म्हणाली, "अरे, हा तर आपला फेटेवाला!" मागून कुणीतरी म्हणालं, "ह्याला गणित कशाला हवं? मीटर मोजता आलं की झालं." दोघं-चौघं हसले. तिचे वडील उभे राहिले होते. मोबाइल अजून वर होता, खाली घ्यायचा त्यांना सुचत नव्हतं.

अध्यक्ष आणि कमिटीची माणसं मंचावरच डोकी एकत्र करून बोलली. मी सरळ सांगतो, मला आशा होती. अशा वेळी कुणीतरी मोठ्या मनाचं पुढे येतं, खरेपणासाठीच बक्षीस द्या म्हणतं, असं आपल्याला वाटत असतं. अध्यक्ष माइकवर आले. "मार्कांचं बक्षीस तिचंच आहे, ते देतो. सेवा पुरस्कार आज देता येणार नाही. पत्रात लिहिलं ते खरं नाही हे कळल्यावर कसा देणार? पुढच्या बैठकीत बघू." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मार्कांचं बक्षीस दिलं, शाल घातली. दुसरं सन्मानचिन्ह टेबलावर तसंच राहिलं. तिने वाकून नमस्कार केला आणि खाली उतरली. पुणेकराने घसा साफ करून पुढचं नाव पुकारलं. संपलं.

मी कापडं घेऊन मागच्या खोलीत आलो आणि उभाच राहिलो. तिचे वडील आले. मला वाटलं, बोलतील, हात उचलतील, काहीही झालं तरी ऐकून घ्यायचं.

"त्या दिवशी मी तुमचा हात हातात घेतला," ते म्हणाले. "तुम्ही घेऊ दिलात."

एवढंच बोलून गेले. मला दोन मुलगे आहेत, गावाकडे, आईजवळ. त्यांनी मला कधी असं वाक्य बोलू नये असं त्या क्षणी वाटलं.

ती आली ती फेट्यासकट. डोळे लाल. तिने हात पुढे केला. "फोन."

मी दिला.

"पुरवणीचा फॉर्म भरला?"

"नाही."

"शेवटची तारीख कधी?"

"झाली असेल."

"असेल म्हणजे? बघितलं पण नाही?" आता ती ओरडली. "शाळेला फोन लावा."

"आज रविवार आहे, बाई."

"त्या क्लार्कचा नंबर आहे ना? लावा. स्पीकरवर."

मी लावला. पहिल्याच रिंगला उचलला. "अहो, आहात कुठे तुम्ही?" क्लार्क म्हणाला. "दोनदा फोन केला तुम्हाला. फॉर्मची मुदत उद्यापर्यंत आहे, परीक्षा तीन आठवड्यांवर. सकाळी अकराच्या आत फोटो अन् सही पाठवा, मी भरून टाकतो. एका विषयासाठी रडत बसू नका राव."

ते दोन फोन मी बघूनही उचलले नव्हते. ते फॅक्टरीच्या वेळेत आले होते, असं मी मनाला सांगितलं होतं.

तिने फोन परत दिला. "मी अजून रागावले आहे," ती म्हणाली. "शनिवारी साडेचारला या. तीन शनिवार आहेत फक्त. आणि ह्या वेळी तुम्ही वाचायचं नाही, मी वाचणार. तुम्ही सोडवायचं."

"बाई, तुमचा पुरस्कार..."

"सरी, सरी, बरं. ते नंतर."

त्यानंतरचे दोन शनिवार झाले. तिचे वडील आता खाली थांबत नाहीत. वर येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर पेपर उघडून बसतात. माझ्याशी बोलत नाहीत. ती एकेक अक्षर लावत मराठी वाचते, मी वहीत सोडवतो, आणि मधे एकदा मी उत्तर चुकवलं तेव्हा पेपरामागून "कंस" एवढाच शब्द आला. मी आणि ती दोघंही दचकलो. मी वर बघितलं तर पेपर तसाच होता.

ऑगस्टमध्ये ती शिकायला मैसूरला जाणार आहे. मंडळाची बैठक अजून झालेली नाही. कुणी म्हणतं पुरस्कार यंदा रिकामाच ठेवणार. तिच्या घरी हा विषय निघत नाही, असं ती म्हणाली, आणि ते ऐकून मला जास्त लागलं. परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे. मला झोप लागत नाही. मशीनवर पेटी भरताना मनात पाढे चालू असतात आणि मधेच त्या सभागृहातला तो "अय्यो" आठवतो. सतरा-अठरा वर्षांच्या पोरीने भरल्या सभेत माझं खोटं स्वतःच्या नावावर करून घेतलं, हे अजून माझ्या डोक्यात मावत नाही. माझ्यासाठी आजवर असं कुणी केलं नव्हतं, आणि मी तर त्याला लायक वागलोही नव्हतो.

म्हणून हे लिहून ठेवतो आहे, स्वतःसाठी आणि वाचेल त्याच्यासाठी. निकाल लागेल तेव्हा जे काही असेल ते, पास किंवा नापास, मी आधी तिच्या वडिलांच्या हातात मार्कशीट देईन, मग तिला सांगेन. यंदा नाही झालं तर पुढच्या वेळी बसेन, नाहीच तर त्याच्या पुढच्या. आणि ज्या दिवशी गणित सुटेल त्या दिवशी मंडळाला मी पत्र लिहीन, माझ्या हाताने, माझ्या सहीने, खरं तेवढंच लिहून, आणि तो पुरस्कार तिला मिळेपर्यंत त्यांच्या मागे लागेन. ती तेव्हा मैसूरला असो की आणखी कुठे. तिचं हे देणं मी फेडणार आहे.